पेटीची ‘काळी चार’ कळते, मग गिटार का अडते? सूर, कॉर्ड आणि पेडलचं गणित

सावनेर म्हटलं की आधी संत्री आठवतात, मग वेकोलिच्या कोळसा खाणी, मग छिंदवाडा आणि बैतूलकडे फुटणारे रस्ते. गिटार त्या यादीत कुठेच नाही. पण विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात आता हे चित्र ओळखीचं आहे. फोनवर एक रील दिसतं, ऑनलाइन गिटार मागवली जाते, पंधरा दिवस बोटं दुखतात, ‘एफ’ कॉर्ड काही केल्या वाजत नाही आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत गिटार कपाटावर चढलेली असते.

मधल्या काळात आणखी एक वळण येतं. ‘आपला आवाज रीलमधल्यासारखा का येत नाही?’ कुणीतरी सांगतं, ‘त्याच्याकडे पेडल आहे.’ मग पैसे जमवणं सुरू होतं. एका नामांकित कंपनीच्या पेडलच्या किमतीत एक शिकाऊ गिटार येते, म्हणजे हा खर्च लहान नाही. आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या क्रमाने केला जातो.

गंमत अशी की ‘म्युझिक थिअरी’ हा शब्द ऐकून ज्याला घाम फुटतो, त्याच्या गल्लीत ती थिअरी रोज वाजत असते. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत, खंजिरी भजनात, गणपतीच्या आरतीत. पेटीवाल्या काकांना विचारा, ‘कोणत्या पट्टीत घेऊ?’ ते म्हणतील, ‘काळी एक.’ इंटरनेटवरचा शिक्षक हेच ‘की ऑफ सी शार्प’ म्हणून सांगतो. फरक फक्त नावाचा आहे.

पट्टी म्हणजेच की

पेटीवर एका सप्तकात बारा पट्ट्या असतात, सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. पांढरी एक म्हणजे सी, दोन म्हणजे डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए आणि सात बी. काळ्या पट्ट्या त्यांच्या मध्ये बसतात. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. पांढरी तीन आणि चारच्या मध्ये काळी नाही, सात आणि पुढच्या एकच्या मध्येही नाही. एवढं पाठ असेल तर पाश्चात्त्य संगीताच्या पहिल्या धड्याचा बराचसा भाग झाला.

आता गिटार हातात घ्या. मानेवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात त्यांना फ्रेट म्हणतात. एक फ्रेट पुढे जाणं म्हणजे पेटीवर शेजारच्या पट्टीवर जाणं, मग ती काळी असो की पांढरी. बारा फ्रेट पुढे गेलं की सप्तक पूर्ण होतं आणि तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, कारण तार अर्धी केली की कंपनं दुप्पट होतात. मधल्या प्रत्येक फ्रेटला कंपनसंख्या साधारण १.०५९५ पटीने वाढते. फ्रेट वर जाताना जवळजवळ येत जातात ते यामुळेच.

सहा उघड्या तारा जाडीकडून बारीकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. एकही काळी नाही. म्हणजे ट्यूनर ॲप नसलं तरी घरातल्या पेटीवरून गिटार लावता येते. भजनात साथ करायची असेल तर तसंच करणं बरं. जुन्या पेट्यांचा सूर अनेकदा आजच्या ४४० हर्ट्झच्या मापावर नेमका बसत नाही. ॲप हिरवा दिवा दाखवतं, गिटार ‘परफेक्ट’ असते आणि तरी पेटीशेजारी बेसूर वाटते. अशा वेळी पेटीचं ऐकायचं, कारण पेटी काही कुणी तिथल्या तिथे लावून देणार नाही.

तीन कॉर्ड, सात सूर

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे किमान तीन सूर. सगळ्यात साधी रचना आपल्या ओळखीची आहे: सा, ग, प. पांढरी एकला सा मानलं तर सा-ग-प म्हणजे सी मेजर. यातला ग कोमल केला की सी मायनर. मेजर ‘आनंदी’ आणि मायनर ‘उदास’ असं सगळीकडे सांगतात. ते ढोबळ आहे, पण कानाला सवय लावायला पुरतं.

आता तीन कॉर्ड घ्या. सावर उभारलेली सा-ग-प. मवर उभारलेली म-ध-सां. पवर उभारलेली प-नि-रें. या तिन्हींतले सूर मोजले तर सा, रे, ग, म, प, ध, नि असे सातही सूर आले. शुद्ध सुरांच्या, म्हणजे बिलावल थाटाच्या, कुठल्याही सोप्या चालीला या तीन कॉर्डवर साथ करता येते ती म्हणूनच. चालीतला जो सूर जोरात येतो, तो ज्या कॉर्डमध्ये असेल ती धरायची. सी पट्टीत या तीन कॉर्ड म्हणजे सी, एफ आणि जी. त्यात धवर उभारलेली ए मायनर मिसळली की रीलवर गाजणारी ‘चार कॉर्डमध्ये शंभर गाणी’वाली युक्ती तयार.

थाटांचा हा हिशोब मांडला पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी. त्यांच्या दहा थाटांतला बिलावल म्हणजे मेजर स्केल, आसावरी म्हणजे नॅचरल मायनर, काफी म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला डोरियन. रागांकडे वळलं तर भूपाचे सा-रे-ग-प-ध म्हणजे मेजर पेंटाटोनिक. गिटारवर लीड शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात जी मायनर पेंटाटोनिक शिकवतात, तिचे पाच सूर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. भीमपलासाचा आरोहही याच सुरांनी चढतो. अर्थात राग म्हणजे नुसते सूर नव्हेत. कुठे थांबायचं, कुठून वळायचं हे त्यात आलं. भीमपलासातल्या अभंगाखाली एकामागून एक कॉर्ड बदलत गेलं की गाणाऱ्याची पंचाईत होते. तिथे सा-प धरून बसणं हाच शहाणपणा.

मग आपल्या चित्रपटगीतांखाली कॉर्ड आल्या कुठून? मोठं उत्तर गोव्यात आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. तिथून तयार झालेले वादक मुंबईच्या स्टुडिओंमध्ये आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संगीत संयोजकांनी आपल्या चालींना कॉर्डची बैठक दिली. संगीतकार चाल गुणगुणायचे आणि हे लोक पन्नास वादकांसाठी ती कागदावर उतरवायचे. पोस्टरवर नाव मात्र क्वचितच यायचं.

काळ्या पट्टीचा कॅपो

एक अडचण उरतेच. सी, डी, जी, ए, ई या आकारांच्या कॉर्ड सोप्या, कारण त्यात उघड्या तारा वापरता येतात. पण गाणारी ताई म्हणते, ‘माझी काळी चार.’ म्हणजे जी शार्प. त्या पट्टीतल्या कॉर्ड नव्या मुलाच्या बोटांना झेपत नाहीत.

यावर उपाय म्हणजे कॅपो, मानेवर बसणारा चिमटा. तो पहिल्या फ्रेटवर लावला की सगळ्या तारा एक पट्टी वर जातात. आता जीचे आकार धरले तरी आवाज जी शार्पचा, म्हणजे काळी चारचा येतो. सी धरली तर काळी एक, डी धरली तर काळी दोन, ए धरली तर काळी पाच. पाचपैकी चार काळ्या पट्ट्या पहिल्याच फ्रेटवर सुटल्या. उरली काळी तीन. तिच्यासाठी कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावून ईचे आकार धरायचे. पांढरी चार हवी असेल तर कॅपो तिसऱ्या फ्रेटवर आणि आकार डीचे.

पेडलच्या तुलनेत कॅपो अगदी स्वस्त पडतो. भजनात, आरतीत किंवा शाळेच्या गॅदरिंगमध्ये साथ करणाऱ्याला त्याहून उपयोगी वस्तू क्वचितच सापडेल.

बोटं दुखतात, पण किती दुखायला हवीत?

पहिले दोन-तीन आठवडे बोटांची टोकं दुखणारच. नंतर तिथली कातडी टणक होते. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटं वाजवलेलं बरं. तार फ्रेटच्या अगदी मागे, जवळून दाबायची. दोन फ्रेटच्या मध्ये दाबली तर जोर जास्त लागतो आणि आवाज खरखरतो. कॉर्ड एकेक करून सुंदर वाजवण्यापेक्षा दोन कॉर्डमधली अदलाबदल सराव करण्यासारखी आहे. एक मिनिट लावा, सी ते जी किती वेळा स्वच्छ बदलता येतं ते मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. उजव्या हाताने ठेका सोडायचा नाही. केरवा कानात असलेल्या पोराला आठ मात्रांचं स्ट्रमिंग वेगळं शिकवावं लागत नाही. त्याचा हात बरोबर जागी पडतो.

पण दुखणं महिनाभरानंतरही तसंच असेल तर दोष मुलाचा नसून गिटारचा असण्याची शक्यता मोठी. तार आणि फ्रेट यांच्यातल्या अंतराला ‘ॲक्शन’ म्हणतात. बाराव्या फ्रेटवर पट्टी धरून मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारवर ते दोन ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असलं तर ठीक. चार मिलिमीटर असेल तर ‘एफ’ कॉर्ड अनुभवी वादकालाही घाम फोडेल. स्वस्त गिटार डब्यातून बाहेर येते तेव्हा अनेकदा अशीच असते. ती नीट करून घेण्याला ‘सेटअप’ म्हणतात. त्यासाठी नागपूरला एक फेरी होईल, पण गिटार कपाटावर जाण्यापासून वाचेल. तोवर बारीक तारांचा संच, म्हणजे ०.०१२ ऐवजी ०.०१० इंचांपासून सुरू होणारा, लावला तरी बोटांना बराच आराम मिळतो.

इथे विदर्भाचं हवामान मध्ये येतं. गिटार शिकवणारे बहुतेक व्हिडिओ ज्या देशांत बनतात तिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जात नाही. कोरड्या उन्हाळ्यात लाकडातला ओलावा निघून ते आकसतं. मानेच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात, पुढची फळी खाली बसते, कधी तडा जातो. मग पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि तारा वर उचलल्या जातात. भरीस भर म्हणजे आपला कूलर. त्याच्या समोर ठेवलेल्या गिटारला दिवसभर ओली हवा मिळते, रात्री लाइट गेली की पुन्हा कोरडी. लाकडाला हा झोका सोसत नाही.

गिटार कूलरच्या वाऱ्यापासून आणि टिनाच्या छताखालच्या खोलीपासून दूर ठेवायची. वाजवून झाली की केसमध्ये बंद करायची. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला पिळलेला स्पंज घालून ती उन्हाळ्यात केसमध्ये ठेवणं हा जुना, स्वस्त उपाय आहे. स्पंज गळत नाही ना, एवढं बघायचं. उन्हात उभ्या गाडीत गिटार सोडणं मात्र टाळाच. डिंक मऊ होऊन ब्रिज उखडतो.

पुढची तंत्रं ऐकून ओळखीची वाटतील. तार वाजवून दुसरं बोट आपटून वरचा सूर काढणं म्हणजे हॅमर-ऑन. बोट ओढून खालचा सूर काढणं म्हणजे पुल-ऑफ. दोन्ही आपल्या कणस्वराच्या जवळचे. तार बाजूला ताणून सूर चढवणं म्हणजे बेंड, अर्थात मींड. फ्रेटमुळे गिटारवर मींड मर्यादित राहते. हिंदुस्थानी संगीत वाजवणाऱ्या अनेकांनी म्हणूनच फ्रेट बाजूला ठेवून तारेवर धातूचा दांडा सरकवण्याची पद्धत निवडली. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या गाजलेल्या अल्बममध्ये संतूर आणि बासरीबरोबर ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आहे ती अशीच. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारमध्ये तरफेच्या तारा बसवून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली राय कूडरसोबतच्या अल्बमसाठी ग्रॅमी मिळवलं.

रेडिओने पेटीवर बंदी का घातली होती?

पेडलकडे जाण्याआधी एक छोटं वळण, कारण पेडलचं अर्धं कोडं इथे सुटतं.

पेटी मुळात आपली नाही. हार्मोनियमचं पेटंट १८४० साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ यांनी घेतलं. जमिनीवर बसून हाताने भाता मारण्याजोगी पेटी कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी घडवली. मराठी संगीत नाटकाने ती उचलून धरली. १९११ च्या ‘मानापमान’ला संगीत देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामवंत पेटीवादक होते. सावनेरचाही या काळाशी एक धागा आहे. राम गणेश गडकरी यांचा मृत्यू २३ जानेवारी १९१९ रोजी इथेच झाला. त्यांचं ‘एकच प्याला’ त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं.

एवढी रुळलेली पेटी, पण १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती अटींसह उठायला १९७१ उजाडलं. आक्षेपाचं मुख्य कारण: पेटीचे सूर थोडे ‘खोटे’ असतात.

हे खोटेपण आकड्यात बघू. सा २४० हर्ट्झ धरला तर शुद्ध गंधार ३०० आणि पंचम ३६० हर्ट्झवर येतो. तानपुऱ्यात कान देऊन ऐकू येतो तो हाच गंधार. पण सगळ्या पट्ट्यांमधून गाता यावं म्हणून आजच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्या हिशोबात ग येतो ३०२.४ वर आणि प ३५९.६ वर. पंचम जवळपास बरोबर, गंधार मात्र चढा. गिटारचे फ्रेटही याच बारा सारख्या भागांवर बसवलेले असतात. पेटीवरचा आक्षेप गिटारलाही तितकाच लागू आहे. गिटार स्टुडिओत पाहुणी म्हणून येत राहिली, त्यामुळे तिच्या वाट्याला ही भांडणं फारशी आली नाहीत.

पेडल नेमकं करतं काय?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. तिला पिकअप म्हणतात. स्टीलची तार हलली की गुंडाळीत अगदी क्षीण वीज तयार होते. ती वायरमधून ॲम्पकडे जाते. पेडल हा या वाटेवरचा नाका आहे. साध्या ॲकॉस्टिक गिटारला पिकअप नसतो, तेव्हा तिला पेडल जोडताच येत नाही. दुकानात ‘सेमी-ॲकॉस्टिक’ म्हणून मिळते तिला तो बसवलेला असतो. ऑनलाइन ऑर्डर करताना हे तपासलं नाही तर पेडल घरी येतं आणि ते कुठे लावायचं, हा प्रश्न पडतो.

सगळ्यात लोकप्रिय पेडल आवाज फाडण्याचं. वरातीतल्या भोंग्यातून आवाज ‘फाटतो’ म्हणतात ना, अगदी तेच. सिग्नल इतका वाढवायचा की लाटेचा माथा मावत नाही आणि छाटला जातो. हलकं छाटलं की ओव्हरड्राइव्ह, जास्त छाटलं की डिस्टॉर्शन, पार सपाट केलं की फझ. याचा उगम बिघाडात आहे. १९६१ च्या ‘डोन्ट वरी’ या अमेरिकन गाण्याच्या ध्वनिमुद्रणात नॅशव्हिलच्या स्टुडिओतलं एक उपकरण बिघडलं आणि गिटार गुरगुरू लागली. तो आवाज मुद्दाम काढणारा माएस्ट्रो कंपनीचा फझ-टोन १९६२ साली बाजारात आला. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने तो जगभर पोहोचवला. १९७८ पासून मिळणारं बॉस कंपनीचं डीएस-१ हे पेडल आजही अनेकांचं पहिलं असतं. त्याचा रंग संत्र्याचा आहे, हा निव्वळ योगायोग.

नवा मुलगा डिस्टॉर्शन लावतो, सी मेजर वाजवतो आणि चिखल ऐकू येतो. पेडल खराब निघालं असं त्याला वाटतं. इथे मघाचे आकडे काढा. छाटलेल्या सिग्नलमध्ये मूळ सुरांबरोबर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूरही तयार होतात. २४० आणि ३५९.६ ची वजाबाकी ११९.६, म्हणजे जवळजवळ खालच्या सप्तकातला सा. सा-प एकत्र फाडले तर आवाज उलट भरदार होतो. पण सा आणि चढ्या गची वजाबाकी ६२.४ येते आणि खर्जातला सा असतो ६० वर. दोघं एकमेकांवर आदळतात. तोच चिखल.

रॉक गिटारिस्ट म्हणून डिस्टॉर्शनवर गंधार गाळतात आणि फक्त सा-प वाजवतात. त्याला ‘पॉवर कॉर्ड’ असं भारदस्त नाव आहे. तानपुऱ्यावर सा-प लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. रेडिओवाल्यांना पेटीत जे खटकलं होतं, ते मेटल वाजवणाऱ्यांनी गंधार सोडून मिटवलं.

आधी फाडा, मग घुमवा

दुसरं कुटुंब वेळेशी खेळणाऱ्या पेडलचं. डिले म्हणजे प्रतिध्वनी. ८६ मीटर लांबच्या भिंतीवर आपटून आवाज परत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. डिले ती भिंत खोक्यात आणून देतं. १९७४ च्या रोलंड स्पेस एको यंत्रात हे काम चुंबकीय टेपचा फिरता पट्टा करायचा, आज चिप करते. प्रतिध्वनी तालात यावा यासाठी एक सोपं सूत्र आहे: ६०,००० भागिले गाण्याचा वेग. मिनिटाला १२० ठोके असतील तर डिले ५०० मिलिसेकंदांवर. ढोलकीच्या मात्रेवर हा आकडा बसला की एकटी गिटार दोघं वाजवत असल्यासारखी वाटते, नाही बसला की ठेका चुकल्यासारखी.

रीव्हर्ब म्हणजे हॉलची घुमार. कोरस म्हणजे एकाच सुराची किंचित हलती प्रत त्यात मिसळणं, जसं चार जण एकच ओळ गातात तेव्हा होतं. वाह-वाह पेडल पायाने दाबून आवाजाचा ‘आ-ऊ’ करतं. यांत क्रम महत्त्वाचा असतो. साधारणपणे ट्यूनर, वाह, फाडणारी पेडलं, मग कोरस, मग डिले आणि शेवटी रीव्हर्ब. डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर ठेवलं तर प्रतिध्वनीही फाटतात आणि एकमेकांत लगदा होतात. काहींना तो लगदाच आवडतो, तो भाग वेगळा.

सुरुवात करणाऱ्याने पाच सुटी पेडलं गोळा करण्यापेक्षा हेडफोनचं भोक असलेलं एक मल्टी-इफेक्ट घेणं जास्त शहाणपणाचं. सगळे परिणाम एकाच डब्यात ऐकायला मिळतात, कोणता खरंच लागतो ते कळतं आणि क्वार्टरच्या भिंतीपलीकडे बारावीचा अभ्यास चालू असला तरी भांडण होत नाही.

ॲडॅप्टर, अर्थिंग आणि जीव

बहुतेक पेडल नऊ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या पिनचा आतला भाग ऋण, म्हणजे मायनस असतो. वायफाय राउटरचा ॲडॅप्टर सहसा बारा व्होल्टचा आणि आतून धन असतो. पिन मात्र तंतोतंत बसते. घरात पडलेला ॲडॅप्टर लावून नवं पेडल जाळण्याचा हा हमखास मार्ग आहे. ॲडॅप्टरवर छापलेली गोलांची खूण आणि व्होल्ट पेडलशी जुळतात का ते आधी बघायचं. मिलिॲम्पिअरचा आकडा पेडलच्या गरजेइतका किंवा जास्त चालतो.

ॲम्प लावला की ‘हम्म’ असा आवाज येतो आणि तारांना हात लावला की कमी होतो. हे नेहमीचं आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून आणि वायरमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. पण ती अर्थिंग खरी आहे का? जुन्या घरांत ती अनेकदा नसते. कित्येकदा प्लगची तिसरी, जाड पिनच काढून टाकलेली असते, ‘टू-पिनमध्ये बसावी म्हणून’. गणपतीच्या मंडपात तर जनरेटर, लाइटिंगच्या माळा आणि पावसाची ओल एकत्र असते.

ॲम्पची अर्थिंग तुटलेली आणि बिघाडामुळे तारांवर वीज आलेली असेल, तर हात तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीवर टेकताच वीज शरीरातून जाते. ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झी इथे मंचावर असाच गेला. त्याने माइकला हात लावला, त्या माइकची अर्थिंग नीट नव्हती.

मंडपात वाजवायचं असेल तर ॲम्प आणि माइकची यंत्रणा एकाच बोर्डवरून, तिन्ही पिनांसह घ्यावी. त्या बोर्डवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी आहे का, हे मंडपाच्या वायरमनला विचारावं. वीज शरीरातून जाऊ लागली तर ती क्षणार्धात पुरवठा तोडते. पहिला सूर लावण्याआधी वायरमनकडून गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यातला व्होल्टेज मीटरने तपासून घ्यावा. आणि माइकवर फोमची टोपी चढवावी. त्यामुळे ओठ आणि जाळी यांच्यात बोटभर अंतर राहतं.